मालक मोकळं बोलतो तेव्हा

मालकानं आडपडदा न ठेवता बोलावं, असं आपण सगळ्याच म्हणतो. २०२५ च्या जानेवारीत एका बड्या कंपनीच्या अध्यक्षांचं तसं बोलणं ऐकायला मिळालं, आणि घराघरांतून बायका भडकल्या. लार्सन अँड टुब्रोचे एस. एन. सुब्रह्मण्यन आपल्याच कर्मचाऱ्यांशी बोलत होते. आठवड्याला ९० तास काम करावं, रविवारी तुम्हाला कामाला लावता येत नाही याची खंत वाटते, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, अशा अर्थाचं ते बोलणं. कंपनीच्या आतलं बोलणं बाहेर फुटलं आणि दोन दिवसांत खासबागेतल्या आमच्या गल्लीपर्यंत येऊन पोचलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमच्याकडं कोण बघतंय गं? नि नव्वद तासांचं कौतुक आम्हाला सांगू नका म्हणावं. पहाटे पाचला उठते ते रात्री अकराला ओटा पुसते मी. मोज की."

काकूंचं गणित बरोबरच होतं. पण मला त्या भाषणात दुसरंच काही टोचत राहिलं. हा माणूस खोटं बोलला नव्हता. त्याच्या मनात जे होतं तेच त्यानं सांगितलं. नंतर कंपनीनं राष्ट्रउभारणी वगैरे शब्द घालून जे निवेदन काढलं, त्यापेक्षा ते आधीचं उघडंवाघडं बोलणं जास्त खरं होतं. (याच कंपनीनं दोन महिन्यांनी बायकांना मासिक पाळीची एक दिवसाची पगारी रजा दिली, हेही सांगायला हवं.) मग आपल्याला राग कशाचा आला? मोठ्यांनी मनातलं बोलावं ही आपली मागणी खरी, की मोठ्यांनी आपल्याला गोड वाटेल तेच बोलावं ही?

मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, राग त्या शब्दांइतकाच समोरच्या शांततेचा होता. ऐकणाऱ्यांतला कुणी उठून, "साहेब, मला बघायचंय माझ्या बायकोकडे," असं म्हणू शकत नव्हता. ते म्हणायला दुसरे उद्योगपतीच लागले. आनंद महिंद्रांनी तरुणांच्या एका कार्यक्रमात, माझी बायको फार छान आहे, मला तिच्याकडे बघत राहायला आवडतं, असं हसत सांगितलं आणि कामाच्या तासांपेक्षा कामाचा दर्जा बघा म्हणाले. छान वाटलं ऐकायला. पण महिंद्रांना नोकरी जायची भीती नाही. ज्याला ती होती, तो गप्पच राहिला.

मैत्रिणींनो, आपल्याकडे पाठशाळेत लहानपणी पाच अणुव्रतं पाठ करून घेतात. सत्याणुव्रत म्हणजे खोटं बोलू नये, एवढ्यावर आपण थांबतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांच्याकडे आपलं लक्ष जात नाही. मिथ्योपदेश, रहोभ्याख्यान, कूटलेखक्रिया, न्यासापहार आणि साकारमंत्रभेद. नावं जड आहेत, पण अर्थ अगदी दुकानाच्या गल्ल्यावरचा आहे. चुकीचा सल्ला देऊ नये, खोटे कागद करू नयेत, हे कुणालाही पटेल. गंमत अशी की यातले दोन अतिचार जास्त बोलण्याचे आहेत. कुणाचं एकांतातलं गुपित फोडणं हा दोष, आणि कुणाच्या चेहऱ्यावरून मनातला बेत ओळखून तो चव्हाट्यावर मांडणं हाही दोष. म्हणजे सगळं सांगून टाकणं याला आपल्या आचार्यांनी सत्य म्हटलेलं नाही.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो न्यासापहार. कुणी तुमच्याकडे ठेव ठेवली. काही दिवसांनी तो आला, पण किती ठेवली होती ते विसरला आणि कमीच मागितली. तुम्ही "हो, एवढीच होती" म्हणून तेवढी देऊन टाकली. इथे खोट्याची सुरुवात तुम्ही केलीच नाही. आकडा त्यानंच सांगितला, तुम्ही नुसती मान डोलावली. तरी तो सत्यव्रताचा भंग धरला आहे. पैसा आला म्हणून चोरीच्या खात्यात नाही, सत्याच्या खात्यात!

हा एक अतिचार घेऊन आजच्या कंपन्यांकडे बघा. सलग ५ वर्षं नोकरी झाली की ग्रॅच्युइटी मिळते, हे १९७२ च्या कायद्यापासून चालत आलं आहे. पण कामगाराला ते माहीत नसतं. तो नोकरी सोडताना फक्त शेवटच्या महिन्याचा पगार मागतो आणि ऑफिसातला माणूस तेवढाच मोजून देतो. मिक्सर वॉरंटीत असतो, बाईला ते आठवत नाही, ती दुरुस्तीचे पैसे विचारते आणि समोरचा पैसे सांगतो. कुणीच खोटं बोललेलं नाही. आमच्या घरचं कापडाचं लहान दुकान होतं. सासरे गिऱ्हाइकानं विचारायच्या आधीच सांगायचे, "हिचा रंग पहिल्या दोन धुण्यांत जाणार, वेगळी भिजवा," आणि "ही सिल्कसारखी दिसते, सिल्क नव्हे." त्यांना कुणी विचारलं की गिऱ्हाईक जात नाही का, तर म्हणायचे, "जातं की. सगळीच परत येतात असं नाही." हे शेवटचं वाक्य मला फार आवडतं. प्रामाणिकपणानं धंदा वाढतोच, असं त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

दुकानात हे सोपं, कारण गिऱ्हाईक समोर उभं असतं. पण कारखाना शंभर कोसांवर आणि माल वापरणारा शेतात, तेव्हा बोलायचं कसं? याचं उत्तर शोधणारी माणसं आपल्याच भागातली होती. गुर्लहोसूरला १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावात सायकली विकू लागले. आज आपण किर्लोस्कर रोडवर खरेदीला जातो तेव्हा ते नाव कुठून आलं हे किती जणींच्या लक्षात असतं? पुढे त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं, लोखंडी नांगर केला. नांगर कुणी घेईना. लोखंडानं जमिनीत विष उतरतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. हा माल नुसता तयार करून भागणार नाही, त्याच्याविषयी बोलत राहावं लागेल, हे ते तिथेच शिकले असणार. बेळगावातली जागा नगरपालिकेनं सोडायला लावल्यावर औंधच्या राजेसाहेबांनी जमीन दिली आणि १९१० साली कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

तिथून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. संपादक लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव. कारखान्याची, मालाची, वाडीची खबर गिऱ्हाइकांना आणि विक्रेत्यांना कळावी म्हणून काढलेलं ते पत्र. आज ज्याला कंपनीचं मुखपत्र म्हणतात तेच. अशी पत्रं पुढे पुष्कळ कंपन्यांनी काढली. गुळगुळीत कागद, साहेबांचा फोटो, दीपप्रज्वलन, आणि शेवटच्या पानावर निवृत्त झालेल्यांना शुभेच्छा. ती कुणी वाचत नाही. ‘खबर’ मात्र लोक वाचायला लागले, आणि कारखान्याची बातमी हळूहळू मागे पडून शेती, उद्योग, समाज, गोष्टी असं सगळं त्यात आलं. नावातला ‘खबर’ शब्द गळून नुसतं ‘किर्लोस्कर’ राहिलं. १९३० च्या ऑगस्टमध्ये त्याच घरातून ‘स्त्री’ निघालं, १९३४ साली ‘मनोहर’.

माझ्या आईच्या ट्रंकेत ‘स्त्री’चे अंक नीट दोऱ्यानं बांधून ठेवलेले असायचे. नांगराच्या कारखान्याचा आणि या मासिकाचा काय संबंध, असं लहानपणी मला कोडं पडे. आता वाटतं की संबंध सरळ आहे. मालकाला आपलं सांगायचं होतं म्हणून त्यानं कागद छापला. पण कागद घरात शिरला की घरातली माणसंही लिहायला लागतात. पत्रं येतात, प्रश्न येतात, रागही येतो. किर्लोस्करांनी ते येऊ दिलं. ‘स्त्री’मधून बायकांनी सासर, शिक्षण, लग्न यांवर जे लिहिलं, ते नांगर विकायला काही उपयोगाचं नव्हतं. तसं म्हटलं तर अडचणीचंच, कारण नांगर विकत घेणारा त्याच घरातला कर्ता पुरुष होता.

अर्थात वाडीतल्या प्रत्येक कामगाराला त्या कागदावर मालकाविरुद्ध लिहिता येत होतं, असं माझं म्हणणं नाही. कागद शेवटी कारखान्याचाच. पण बोलणं एकदा सुरू केलं की ते मालकाच्या हातात पुरतं राहत नाही, एवढं त्यातून दिसतं. याच कारखान्याचे नांगर विकत एक उंचापुरा माणूस गावोगाव हिंडत होता, तोही आपल्याच समाजातला. कुंभोजला जन्मलेले भाऊराव पाटील. नांगर विकता विकता त्यांनी खेड्यांतलं अज्ञान बघितलं आणि १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. मालाची माहिती सांगायला गेलेला माणूस समोरच्याचं ऐकूनही घेत असेल, तर तो नुसता विक्रेता उरत नाही, हे आपल्याकडे घडून गेलेलं आहे.

उलट उदाहरणंही आपण बघितली. २००३ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रात कॅडबरीच्या चॉकलेटात अळ्या सापडल्या तेव्हा आपल्या घरांत तर भूकंपच झाला. पोरांच्या हातातली चॉकलेटं हिसकावून घेतलेल्या आया मला आठवतात. कंपनीनं आधी दुकानदारांच्या साठवणुकीकडे बोट दाखवलं. मग खप घसरला, आणि जानेवारी २००४ मध्ये नवं घट्ट वेष्टण आलं, पाठोपाठ अमिताभ बच्चन आले. वेष्टण सुधारलं हे चांगलंच झालं. पण दुकानदारावर ढकलायच्या आधी "बघतो, कळलं की सांगतो," एवढं म्हणायला किती खर्च आला असता?

आणि हैदराबादच्या सत्यमचं काय सांगावं! नावच सत्यम. ७ जानेवारी २००९ ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालकांना पत्र लिहून हिशेबातला ७,००० कोटींवरचा घोटाळा कबूल केला. वाघावर बसलो होतो, उतरलो तर वाघ खाईल अशी स्थिती होती, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. इतकं स्पष्ट पत्र क्वचितच कुणी लिहिलं असेल. पण सुमारे ५०,००० कर्मचाऱ्यांच्या घरांत ते सत्य बातम्यांमधून शिरलं, लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं तेव्हा. दुसरा मार्गच न उरल्यावर सांगितलेल्या गोष्टीला मी मोकळेपणा म्हणणार नाही. कबुलीजबाब म्हणेन.

मोठ्या कंपन्या निदान काहीतरी बोलतात. आपल्या भागात न बोलण्याचीच रीत जास्त. हायवेनं दीड तासावर निपाणी. तंबाखूच्या वखारींत बायका दिवसभर तंबाखू कुटत-चाळत बसायच्या, धूळ नाकातोंडात. असल्या कामात मालकाचा निरोप म्हणजे दारातला मुकादम: उद्या या, उद्या येऊ नका. का येऊ नका, हे विचारायची सोय नाही. ऐंशीच्या सुमाराला या बायका एकत्र आल्या, त्यांनी संप केले. १९८२ साली ‘युगांतर’ या बायकांच्या गटानं त्यांच्यावर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ नावाचा लघुपट केला, त्यात त्या स्वतःच्या तोंडून बोलतात. कधी बघायला मिळाला तर जरूर बघा. त्यांना गप्प राहायची इतकी सवय लावलेली होती, आणि बोलायला लागल्यावर त्या किती नेमकं बोलतात! त्याच सुमाराला, १९८१ मध्ये, तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर बसले आणि गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले. जुन्या बाजारांत रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची हत्ता पद्धत असायची. माल ज्याचा, त्यालाच भाव सगळ्यांत शेवटी कळायचा. आपल्या समाजात शेतकरीही आहेत आणि अडतदारही. रुमालाच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसं होती. पर्युषणात सत्यधर्मावर प्रवचनं ऐकताना ही गोष्ट कुणी काढत नाही, मी काढते म्हणून मला थोडं नावही ठेवतात.

हे सगळं जुनं किंवा लांबचं वाटत असेल, तर आमच्या घरातलंच सांगते. माझ्या नणंदेच्या मुलाची उद्यमबागेत लहानशी फाउंड्री आहे. चाळीसएक माणसं. पंपाचे भाग ओततात. मागल्या खेपेला दिवाळीच्या दोन महिने आधी त्याच्या मुख्य गिऱ्हाइकानं ऑर्डर निम्म्यावर आणली. रविवारी तो घरी आला आणि ताटावर बसूनच म्हणाला, "मामी, माणसांना सांगू का नको?"

नणंदेचे यजमान जुन्या वळणाचे. ते म्हणाले, "धंद्यातली गोष्ट उंबऱ्याबाहेर काढायची नाही. उद्या बँकेला कळेल, सप्लायर उधारी बंद करतील. हातातली माणसं शेजारच्या शेडमध्ये जातील ती वेगळीच. तू गप्प राहिलास तर दोन महिन्यांत नवी ऑर्डर येईलही." यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. नणंद म्हणाली, "आणि नाही आली तर? दिवाळी तोंडावर असताना सांगणार? त्यांनी कुणाकडून उसनं घ्यायचं तेव्हा?" हेही चुकीचं नव्हतं. मी एवढंच म्हटलं की त्यांचा दिवाळीचा खर्च आणि पोरांची फी तुझ्या भरवशावर ठरलेली आहे. ती त्यांची ठेव आहे तुझ्याकडे. ती कमी झालेली तुला माहीत आहे आणि त्यांना नाही.

त्यानं त्या शनिवारी पाळी सुटल्यावर सगळ्यांना थांबवून घेतलं. ऑर्डर किती होती, किती राहिली, महिन्याचा पगार किती, वीजबिल किती, फळ्यावर लिहिलं. ओव्हरटाइम बंद, आठवड्याचा एक दिवस कमी, असं सांगितलं. गिऱ्हाइकानं ऑर्डर का कमी केली ते मात्र सांगितलं नाही, कारण ती त्या गिऱ्हाइकाच्या घरची अडचण होती आणि त्यानं विश्वासानं सांगितलेली. एकानं खोदून विचारलं तर म्हणाला, "ते माझं नाही, मला सांगता येत नाही." मला हे उत्तर बरं वाटलं.

पंधरा दिवसांत दोन मोल्डर सोडून गेले, हाताला सगळ्यांत चांगले तेच. यजमान काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं. भाचा आठवडाभर चिडलेला होता. खरं सांगून माणसं बांधली जातात असं त्यानं कुठेतरी ऐकलं होतं, आणि इथे तर माणसं चालली. त्याला मी समजावलं नाही, कारण समजावण्यासारखं काही नव्हतं. ज्यांना दुसरीकडे काम मिळत होतं ते वेळेवर गेले. त्यांच्या बाजूनं बघितलं तर सांगितल्याचा उपयोगच तो.

पण त्या शनिवारीच आणखी एक गोष्ट झाली होती, ती त्यानं घरी उशिरा सांगितली. कोअर करणाऱ्या बायकांमध्ये एक जुनी बाई आहे, अकरा वर्षांची. फळ्यावरचे आकडे वाचून झाल्यावर ती म्हणाली, "अण्णा, आमचा एक दिवस कमी व्हायलाय म्हणताय, बरं. तुमच्या घरात काय कमी झालंय ते बी लिवा की तिथं."

सगळे गप्प झाले. भाचाही. "पुढच्या शनिवारी सांगतो," एवढंच म्हणाला. त्या आठवड्यात नवरा-बायकोनी घरखर्चाची वही काढली. पुढच्या शनिवारी त्यानं फळ्याच्या दुसऱ्या अर्ध्यात लिहिलं: घरचा उचलायचा पगार निम्मा, सुट्टीतली ट्रिप रद्द, वरच्या मजल्याचं बांधकाम थांबवलं. गाडीचा हप्ता चालू.

"गाडी का ठिवलाय?" बाईनं विचारलं.

"माल पोचवायला लागते," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "नि खरं सांगायचं तर मला बी लागते."

हसले सगळे. मग बोनसचं निघालं. एकदम देता येणार नाही, दोन हप्त्यांत देतो, असं ठरलं. पहिला दिवाळीला, दुसरा संक्रांतीच्या आधी. ती बाई म्हणाली, तारीख नुसती बोलू नका. पंचिंग मशिनजवळ जे कॅलेंडर टांगलेलं असतं, त्याचं जानेवारीचं पान अजून आलेलं नव्हतं. म्हणून तिनं त्याच्याकडून खडूनं ती तारीख भट्टीशेजारच्या भिंतीवर लिहून घेतली, पोचारा पडणार नाही अशा उंचीवर.